गाडी तीच आहे का?

गेल्या वर्षी त्रिपुरी पौर्णिमेच्या चार दिवस आधी काशीला गेलो, तो एका गाडीसाठी. दुर्गाघाटाजवळ आमचे जुने परिचित राहतात. पिढ्यान्‌पिढ्या काशीत राहिलेलं मराठी घर. त्या घरातल्या मुलाचा फोन आला होता. "काका, दोन सीटची, लाल, वर कापडी टप. नंबर गोव्याचा आहे. तुम्ही बघितल्याशिवाय मी एक पैसाही देणार नाही."

वर्णन ऐकताच ओळखलं, सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गोव्यात तयार झालेली ही छोटी उघडी गाडी आज रस्त्यावर क्वचितच दिसते. फ्रेंच आराखडा, फायबरग्लासचं अंग, रेनोचं ११४९ सीसीचं इंजिन आणि ताकद जेमतेम ६० अश्वशक्ती. आजची साधी हॅचबॅक तिला सहज मागे टाकेल. तरीही आपल्या मातीत कुणीतरी स्पोर्ट्स कार बांधायचा ध्यास घेतला होता, याची ती खूण आहे. मला अशा गाड्यांविषयी माया आहे आणि ती मी लपवत नाही.

पण माया वेगळी आणि किंमत वेगळी. स्विफ्ट विकायची असेल तर साल, किलोमीटर आणि कितवा मालक एवढं सांगितलं की एजंट फोनवरच आकडा बोलतो, कारण त्या आठवड्यात तशा दहा गाड्या त्याच्या हातून गेलेल्या असतात. सॅन स्टॉर्म विकणाऱ्याकडे असा आधार नसतो. कुठेतरी कुणीतरी मागितलेला आकडा त्याच्या कानावर आलेला असतो, आणि तोच तो भाव समजतो. मागितलेली किंमत आणि हातात पडलेली किंमत यांत फार अंतर असतं. दुर्मीळ गाड्यांच्या बाजारात पहिली फसगत इथेच होते.

दुसरी फसगत 'दुर्मीळ' या शब्दाची. गाड्या थोड्या असणं म्हणजे मागणी असणं नव्हे. अलिबागला चिंकारा मोटर्सने लोटस सेव्हनच्या धर्तीवर रोडस्टर बांधली आणि तिच्यात अँबॅसॅडरचं १.८ लिटरचं इसुझू इंजिन बसवलं. उघडी चाकं, हलकं अंग, चालवायला अतिशय मजेदार. पुण्याच्या डीसी अवंतीचा गाजावाजा २०१२ च्या दिल्लीतल्या ऑटो एक्स्पोमध्ये झाला. मधोमध बसवलेलं दोन लिटरचं टर्बो इंजिन आणि किंमत पस्तीस-छत्तीस लाखांच्या घरात. या दोन्ही गाड्या थोड्या आहेत. पण त्या विकायला काढल्या तर खरेदीला येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, आणि त्यांतला एक जरी मागे फिरला तरी भाव कोसळतो.

याच्या दुसऱ्या टोकाला फेरारी २५० जीटीओ. १९६२ ते १९६४ या काळात त्या अवघ्या ३६ बनल्या. त्यांतली एक २०१८ साली अमेरिकेत लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. इतके पैसे देणारा माणूस ही विशिष्ट गाडी कुठल्या शर्यतीत धावली, कुणाच्या हाती होती, कधी ठोकली गेली आणि कुणी दुरुस्त केली, हे सगळं ओळीने सांगणारी कागदपत्रं विकत घेत असतो. छत्तीसपैकी प्रत्येक गाडी तिच्या चेसिस क्रमांकाने ओळखली जाते, जशी आपल्याकडे घराणी गोत्रावरून ओळखतात.

आपल्याकडचं याचं सर्वांत चांगलं उदाहरण मराठी घरातलंच आहे. सचिन तेंडुलकरने २००२ मध्ये ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, आणि फियाटच्या वतीने मायकेल शूमाकरने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. गाडी भारतात आणताना १ कोटी १३ लाखांचं आयात शुल्क माफ करण्यावरून मोठा वाद झाला, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं, आणि अखेर शुल्क फियाटने भरलं. पुढे २०११ मध्ये सचिनने ती सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली.

आता पारखी नजरेने बघा. ३६० मोडेना ही काही मोजक्या संख्येत बनलेली फेरारी नव्हे, तिचं उत्पादन हजारांत झालं. ३.६ लिटरचं व्ही-८, ४०० अश्वशक्ती. तिचा टायमिंग बेल्ट साधारण तीन वर्षांनी बदलावा लागतो, म्हणून जाणता ग्राहक आधी त्या बिलाची तारीख बघतो. हाताने गिअर टाकायची ३६० पॅडलवाल्या गाडीपेक्षा कमी मिळते, म्हणून तिला जास्त मोल. या सगळ्या कसोट्या सचिनच्या गाडीलाही लागू पडतात. पण तिची खरी किंमत एका प्रश्नावर उभी आहे: ही तीच गाडी आहे, हे सिद्ध करता येतं का? आयातीची कागदपत्रं, शुल्क भरल्याची पावती, नोंदणी आणि हस्तांतराची साखळी सलग असेल तरच तिच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला सचिनच्या नावाचे पैसे मोजावेसे वाटतील. ज्या कज्ज्यामुळे ही गाडी तेव्हा वर्तमानपत्रांत बदनाम झाली, त्याचेच कागद आज तिची ओळख पक्की करतात.

काशीत पहिल्या संध्याकाळी दशाश्वमेधाजवळच्या अहिल्याबाई घाटावर बसलो होतो. विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं करणाऱ्या अहिल्याबाईंच्या होळकर घराण्यातच पुढे यशवंतराव दुसरे जन्मले. माणिकबाग नावाचा आधुनिक महाल बांधणारे आणि ब्रांकुशीची शिल्पं घेणारे इंदूरचे महाराज. त्यांनी अमेरिकन ड्युझेनबर्ग एसजेच्या सांगाड्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून दोन सीटचं देखणं अंग चढवून घेतलं. जगभरचे गाडीप्रेमी आजही ती गाडी 'इंदूरच्या महाराजांची ड्युझेनबर्ग' म्हणूनच ओळखतात. गाडी अमेरिकेत गेली, मालक बदलले, पण तिच्यामागचं इंदूर पुसलं गेलं नाही. मालकाचं नाव, कारागिराचं नाव आणि सांगाड्याचा क्रमांक ही तिन्ही तिच्यासोबत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गंगेपलीकडे रामनगरला गेलो. चुनारच्या दगडात अठराव्या शतकात बांधलेला काशीनरेशांचा किल्ला, आत पालख्या, हौदे, १८५२ सालचं खगोलीय घड्याळ, आणि जुन्या मोटारी. त्यांच्यासमोर मी बराच वेळ उभा राहिलो. या गाड्यांना बाजारभाव नाही, तो असायचं कारणही नाही. ज्या राजवाड्यात त्या आल्या तिथेच त्या आहेत. कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दर दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी दसरा चौकात येते, तशाच या. अशी गाडी विकायला निघाली, तर तिच्या जागेपासून सुटताच तिचं अर्धं मोल गेलं असं मी समजतो.

विकायच्या गाडीचा मात्र कायद्याशी रोजचा संबंध येतो, आणि आपल्याकडे तो फार गुंतागुंतीचा आहे. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नसावी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी आणि मुंबई बंदरातूनच यावी. म्हणून तुमच्या स्वप्नातली पंचवीस वर्षांपूर्वीची इटालियन गाडी देशात सहजासहजी येऊ शकत नाही, आणि जी आधीच इथे आहे तिचा भाव वधारतो. याच कोंडीतून पळवाटा निघाल्या. २०२१ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने (डीआरआय) परदेशी वकिलातींच्या नावावर शुल्क चुकवून आलेल्या महागड्या गाड्यांचं प्रकरण उघडकीस आणलं. अशी गाडी घेणाऱ्याने पूर्ण पैसे मोजलेले असले तरी तिच्यावर जप्तीची टांगती तलवार राहते. त्याआधी, डिसेंबर २०२० मध्ये, मुंबई पोलिसांनी अवंतीच्या प्रकरणात अटक केली. एकाच गाडीवर अनेक कर्जं काढल्याचा आणि नोंदणीतल्या घोळाचा आरोप होता. अवंती घेणाऱ्याने तेव्हापासून चेसिस नंबर आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा दोनदा तपासावा हे बरं.

पुदुचेरीच्या पाट्यांच्या गाड्या सगळीकडे दिसतात, कारण तिथे रोड टॅक्स कमी पडायचा. महाराष्ट्रात महाग गाड्यांवरच्या टॅक्सची कमाल मर्यादा २० लाखांवरून जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. म्हणजे दुसऱ्या राज्यातली गाडी घेताना एनओसी आणि नव्याने भरायचा कर किमतीतून वजा करूनच बोलणी करायला हवीत. वीस वर्षांपुढच्या आयात गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फीच ऑगस्ट २०२५ पासून ८० हजार रुपये आहे. पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी 'व्हिंटेज' नोंदणी दिली. ती विकता येते, पण विक्रीची खबर ९० दिवसांत द्यावी लागते, आणि रोजच्या वापराला ती नेता येत नाही. विम्याचं आणखी वेगळंच. पाच वर्षांपर्यंत विम्याची रक्कम ठरलेल्या टक्क्यांनी घटते, त्यापुढे मालक आणि कंपनी आपसात ठरवतात. अपघातात गाडी पूर्ण निकामी झाली तर त्या कागदावरचा आकडा तुमच्या गाडीची अखेरची किंमत ठरतो, म्हणून विकत घेण्याआधी तो मागून बघा.

काशीतल्याच सिगऱ्यात एका टिनाच्या शेडमध्ये ती लाल गाडी उभी होती. फायबरग्लासला लोहचुंबक चिकटत नाही, त्यामुळे डेंटिंग-पेंटिंग पकडायची नेहमीची युक्ती इथे चालत नाही. बोटाच्या पेराने अंग वाजवत गेलो. उजव्या दाराजवळ आवाज बद्द आला, आणि रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा होत्या. तिथे कधीतरी मार बसला होता. मग जॅक लावून खाली शिरलो. खालच्या पोलादी चौकटीवर गोव्याच्या दमट हवेने गंज चढवला होता, पण स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहिलं तेव्हा पत्रा आत गेला नाही. टपाची शिवण उसवलेली. काच आणि दिवे शाबूत होते, आणि याचा मला फार आनंद झाला, कारण इंजिनाचा भाग कुठूनही जुळवता येतो, पण या गाडीची पुढची काच शोधण्यात वर्ष जातं.

चेसिस क्रमांकावर पातळ कागद ठेवून पेन्सिल फिरवली, आरटीओत घेतात तसा ठसा. एक-एक अंक वर आला. आरसीशी जुळला. इंजिनाचा मात्र जुळेना.

मालक म्हणाले, "बदलवाया था। बहुत साल हो गए।" बदललं याचा दोष नाही, आरसीवर त्याची नोंद नाही हा दोष. मी मुलाला बाजूला घेऊन माझा हिशेब सांगितला. चांगल्या अवस्थेतल्या तशाच गाडीला खरंच मिळालेल्या किमतीपासून सुरुवात करायची. दुरुस्तीचा अंदाज दीडपट धरून वजा करायचा. एनओसी, कर आणि पुन्हा नोंदणी वजा करायची. इंजिनाची नोंद नसल्याबद्दल त्याहून मोठा तुकडा वजा करायचा, कारण उद्या तुझ्याकडून घेणारा हाच प्रश्न विचारेल. जो आकडा उरला तो ऐकून त्याचा चेहरा उतरला. मालकांनाही तो पटला नाही. आम्ही परत आलो.

पौर्णिमेच्या रात्री घाटावर दिवे लागत असताना मुलाचा फोन आला. तो सिगऱ्याहून बोलत होता. मालकांनी शेडचा मागचा कोपरा रिकामा करायला घेतला होता, आणि गोणपाटाखाली एक गंजलेला इंजिन ब्लॉक निघाला होता.

"काका, टॉर्च मारतोय. आरसी तुमच्यासमोर आहे ना? मी अंक वाचतो, तुम्ही बघा."

मी चष्मा लावला आणि म्हटलं, "हं, वाच."