वीस यार्डांचा हिशोब

ऑगस्ट १९११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ याही जमातीतला शेवटचा माणूस, इशी, रानातून बाहेर आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्यावर उपचार करणारे शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुष्य घडवायला आणि शिकार करायला शिकले. पोप यांनी नोंदवून ठेवलं आहे की, लक्ष्याच्या चकतीवर लांबून नेम धरण्यात इशी काही विशेष नव्हता. रानात मात्र तो जनावराच्या इतक्या जवळ जाई, किंवा आवाज काढून त्याला इतकं जवळ बोलावी, की नेम चुकायला जागाच राहत नसे. अमेरिकेतल्या आधुनिक धनुष्य-शिकारीची मुळं या दोघांच्या मैत्रीत शोधली जातात. बाण कधी सोडायचा, याचं पहिलं उत्तरही तिथलंच आहे: जवळ पोचल्यावर. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या उत्तराचं काय झालं, ते एल्कच्या शिकारीत सर्वांत स्पष्ट दिसतं.

एल्क म्हणजे आपल्या सांबराचा भाऊबंद. रॉकी पर्वतातला पुरा वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. १९०० च्या सुमारास बेसुमार कत्तलीमुळे संपूर्ण उत्तर अमेरिकेत लाखभरही एल्क उरले नव्हते. यलोस्टोनच्या परिसरातले कळप रेल्वेने दुसऱ्या राज्यांत नेऊन सोडले, शिकारीवर कायद्याचा चाप बसला, आणि आज त्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास आहे. धनुर्धारींसाठी वेगळा हंगाम विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये सुरू केला, मग एकेक राज्य त्या वाटेने गेलं. पश्चिमेकडे हा हंगाम मुख्यतः सप्टेंबरात येतो. तेव्हा नर माजावर असतात, उंच शिळेसारखी हाक देतात आणि हाकेला उत्तर देत चालून येतात. एवढं सावध जनावर बाणाच्या पल्ल्यात येतं ते या ओढीमुळेच.

पण पल्ल्यात आलेला नर म्हणजे मारण्याजोगा नर नव्हे. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही. पात्याने कापून, रक्तस्राव घडवून मारतो. म्हणून तो दोन्ही फुप्फुसांतून जावा लागतो. नर पूर्ण कूस देऊन उभा असेल तर ठीक. तोंड पलीकडे करून किंचित तिरका उभा असेल तर आणखी बरं, कारण त्याचे डोळे दुसरीकडे असतात आणि बरगड्यांच्या मागच्या बाजूने शिरलेला बाण पलीकडच्या पुढच्या पायाच्या दिशेने छाती भेदत जातो. तोच नर शिकाऱ्याकडे तोंड करून तिरका असेल तर खांद्याचं जाड हाड आड येतं, आणि ते चुकवायला गेलं की बाण पोटात जायची भीती. मध्ये एक बारीक फांदी असली तरी बाण भरकटतो. शिवाय वारा असतो. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, ऊन चढलं की वर फिरते. ती फिरायच्या बेतात असताना नर चाळीस यार्डांवर थबकला, तर थांबायला फार वेळ मिळत नाही, आणि घाईतले वाईट निर्णय नेमके तेव्हाच होतात.

जुन्या धनुष्यात हा निर्णय दोरी ओढण्याआधीच घ्यावा लागे. पन्नास-पंचावन्न पौंडांचा ताण माणूस किती वेळ धरून ठेवणार? मिसुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांना १९६९ मध्ये कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं आणि कप्प्यांनी हे गणित बदललं. आजच्या सत्तर पौंडी धनुष्यात दोरी पूर्ण ओढली की हातावर जेमतेम चौदा पौंडांचा भार उरतो. नराचे डोळे झाडाआड गेले की दोरी ओढायची, तो मोकळ्यात येईपर्यंत थांबायचं, मादीसारखा बारीक आवाज काढून त्याला क्षणभर थबकवायचं, आणि तरीही जागा मनासारखी नसेल तर दोरी सावकाश परत सोडायची. ही सवड मला या शोधाची सर्वांत मोठी देणगी वाटते. तिने जनावराचं भलंच केलं आहे.

दुसरी देणगी वेगाची. तिच्याबद्दल माझं मत वेगळं आहे. साध्या रिकर्व्ह धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण १८५ फूट जातो, म्हणजे वीस यार्डांना त्याला सेकंदाचा एक तृतीयांश लागतो. कंपाउंडचा बाण २८० फुटांनी जातो आणि तेवढ्याच वेळात तीस यार्ड गाठतो. एल्क पाऊल उचलेल की नाही, हा प्रश्न या वेळेशी बांधलेला आहे आणि त्या हिशोबाने नव्या धनुष्याने पल्ला वाढवला तो जेमतेम दहा यार्डांनी. शिकारी मात्र साठ आणि ऐंशी यार्डांची भाषा करू लागले. लेझरने अंतर अचूक कळतं, सरावाच्या मैदानात ऐंशी यार्डांवरून बाण मूठभर जागेत बसतात, म्हणून तसं वाटतं. पण ऐंशी यार्डांना जवळजवळ सेकंद जातो. तेवढ्यात नराने एक पाऊल टाकलं की फुप्फुसांवर धरलेला नेम पोटावर जातो. मैदानातली चकती पाऊल टाकत नाही. एवढ्या लांबून बाण सोडणं मला साफ चूक वाटतं, हात कितीही स्थिर असला तरी.

अमेरिकेतले वन्यजीव-संवर्धनाचे विचारवंत आल्डो लिओपोल्ड स्वतः धनुष्य घडवून शिकार करत. १९४९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी म्हटलं होतं की शिकाऱ्याला वाहवा करणारे प्रेक्षक नसतात. त्याचं वागणं त्याच्या विवेकावरच सोडलेलं असतं. आता प्रेक्षक आले आहेत. लांबचे बाण चित्रफितींत दिसतात, समोरून छातीत मारलेलेही दिसतात. समोरून म्हणजे गळ्याच्या तळाशी, दोन खांद्यांच्या मधल्या मुठीहून थोड्याच मोठ्या जागेत. ही वेळ बहुधा एकट्याने हाक देणाऱ्यावर येते, कारण नर आवाजाच्या रोखाने थेट त्याच्याच तोंडावर येतो. जुन्या जोडीदारांची रीत अधिक शहाणी होती. हाक देणारा तीस-चाळीस यार्ड मागे बसे, आणि त्याला शोधत जाणारा नर पुढे दबा धरलेल्या धनुर्धाऱ्याला आपसूक कूस दाखवून जाई. बाणाचा निम्मा निर्णय कुठे बसायचं हे ठरवतानाच झालेला असे.

उरलेला निर्णय घड्याळाकडे पाहून घ्यायचा असतो. फेसाळ गुलाबी रक्त दिसलं तर बाण फुप्फुसांत गेला, अर्ध्या तासात माग काढता येतो. काळपट लाल म्हणजे यकृत. चार ते सहा तास थांबायला हवं. हिरवट घाण दिसली तर पोट, आणि थांबणं आठ-बारा तासांवर जातं, कारण घाई केली तर जखमी जनावर उठून मैलोगणती दूर जातं. सप्टेंबरातली उबदार रात्र असेल तर जाड कातडीखाली मांस सकाळपर्यंत नासू लागतं. कोलोरॅडोत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत बाण सोडायला कायद्याची मुभा आहे. सकाळी आठला तीस यार्डांवरून, किंचित शंका असताना सोडलेल्या बाणाला माग काढायला अख्खा दिवस मिळतो. त्या शेवटच्या अर्ध्या तासात तोच नर त्याच अंतरावर तसाच उभा असेल, तर मी म्हणेन, त्याला जाऊ द्यावं.