निद्रिस्त संगणक आणि दुरून येणारी हाक

नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये, म्हणजे कार्यप्रणाली आणि कार्ड यांच्यातील दुभाष्यात, 'वेक-ऑन-लॅन'ची, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून निद्रिस्त संगणक जागा करण्याची, सोय करताना आधी हे ध्यानात घ्यावे लागते की संगणक निद्रावस्थेत गेल्यावर ड्रायव्हरही थांबतो आणि जागा राहतो तो स्टँडबाय विजेवर चालणारा कार्डाचा भाग. त्यामुळे ड्रायव्हरचे खरे काम झोपेपूर्वीचे असते: लिनक्समध्ये 'ईथटूल' या आज्ञेने केलेली निवड तो नोंदवतो, कोणत्या संकेताने जागे व्हायचे ते कार्डाच्या रजिस्टरमध्ये लिहितो आणि संदेश ग्रहण करणारा भाग चालू ठेवतो; हे शेवटचे राहिले, तर बाकीचे सारे व्यर्थ. प्रचलित संकेत म्हणजे 'मॅजिक पॅकेट': सर्व बिट 1 असलेले 6 बाइट आणि त्यामागे कार्डाचा 6 बाइटांचा मॅक पत्ता 16 वेळा, एकूण 102 बाइट.

हे पॅकेट सहसा स्थानिक नेटवर्कपुरतेच फिरते. म्हणून पोलादपुरातून महाडच्या औद्योगिक वसाहतीतला संगणक उठवायचा, तर महाडच्या त्याच नेटवर्कवर सतत चालू असलेले एखादे यंत्र मध्यस्थ म्हणून लागते. पण या सोयीलाही मर्यादा आहे. जुलै 2021 मध्ये सावित्री नदीच्या पुराने महाड बुडाले. अशा वेळी वीज गेली की स्टँडबाय वीजही जाते आणि ड्रायव्हर कितीही नेटका असला तरी हाक ऐकायला कोणी उरत नाही. वीज परतल्यावरही अनेक कार्डांना पूर्वीची नोंद आठवत नाही, म्हणून तेथे बायोसमधील 'वीज येताच सुरू व्हा' हा साधा पर्याय अधिक भरवशाचा ठरतो.