रिकाम्या खोक्याची जबाबदारी

चेन्नईच्या एग्मोर स्थानकाजवळील पेरियामेट ही चामड्याच्या व्यापाराची जुनी पेठ आहे. आंबूर, वाणियंबाडी, राणीपेट येथे तयार होणारे चामडे व पादत्राणे हा या व्यापाराचा कणा. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या चर्म निर्यात परिषदेचे मुख्य कार्यालयही काही वर्षे एग्मोरमध्येच होते. या परिसरातून युरोपला माल पाठविणाऱ्या लहान निर्यातदारापुढे आता एक नवा प्रश्न उभा आहे. ग्राहकाने बूट घरी नेल्यावर उरणाऱ्या रिकाम्या खोक्याच्या विल्हेवाटीचा खर्च कोणी सोसावयाचा?

नियमामागील तत्त्व

वस्तू बाजारात आणणाऱ्यानेच तिच्या कचऱ्याचे संकलन व पुनर्प्रक्रिया यांचा भार उचलावा, या तत्त्वाला ‘उत्पादकाची विस्तारित जबाबदारी’ असे म्हणतात. स्वीडनमधील अभ्यासक थॉमस लिंडक्विस्ट यांनी १९९० मध्ये ही संकल्पना मांडली. जर्मनीने १९९१ मध्ये वेष्टनांबाबत तसा नियम केला. १ जानेवारी २०१९ रोजी तेथे नवा वेष्टन कायदा अमलात आला आणि ‘लुसिड’ ही सार्वजनिक नोंदवही सुरू झाली. १ जुलै २०२२ पासून वेष्टित माल जर्मन बाजारात आणणाऱ्या प्रत्येकास नोंदणी आवश्यक झाली, आणि नोंदणी नसलेल्या विक्रेत्याचा माल ठेवण्यास ऑनलाइन बाजारपेठांना मनाई झाली. नोंदणी न केल्यास एक लाख युरोपर्यंत, तर संकलन यंत्रणेत सहभागी न झाल्यास दोन लाख युरोपर्यंत दंडाची तरतूद या कायद्याने केली.

ही जबाबदारी वेष्टनापुरती मर्यादित नाही. फ्रान्समध्ये कपडे व पादत्राणे यांनाही ती लागू आहे, आणि २०२५ च्या युरोपीय निर्देशानुसार एप्रिल २०२८ पर्यंत सर्व सदस्य देशांनी अशी व्यवस्था उभारावयाची आहे. वेष्टनांविषयीच्या नव्या युरोपीय नियमावलीच्या सर्वसाधारण अंमलासाठी १२ ऑगस्ट २०२६ ही तारीख निश्चित करण्यात आली.

‘उत्पादक’ कोण?

येथे ‘उत्पादक’ या शब्दाचा अर्थ कारखानदार असा नाही. त्या देशाच्या बाजारात माल प्रथम आणणारा तो उत्पादक. एफओबी अटीवर माल घेणारा जर्मन आयातदार सीमेवर मालाची जबाबदारी स्वतःकडे घेतो. त्यामुळे हा भार सामान्यतः त्याच्यावर पडतो. मात्र डीडीपी अटीवर खरेदीदाराच्या दारापर्यंत माल पोहोचविण्याचे मान्य केले, अथवा परदेशी ग्राहकास परस्पर विक्री केली, तर निर्यातदार स्वतःच उत्पादक ठरू शकतो. कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या उद्योजकासही हेच लागू पडते. करारातील तीन अक्षरांनी भार असा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो.

वजनाचा हिशेब

शुल्काची आकारणी वेष्टनाच्या प्रकारानुसार व वजनानुसार होते. समजा, २,००० जोड्यांची मागणी आहे. प्रत्येक जोडीमागे पुठ्ठ्याचे खोके २५० ग्रॅम, पातळ कागद २० ग्रॅम व प्लास्टिकची पिशवी १० ग्रॅम धरल्यास पुठ्ठा ५०० किलो, कागद ४० किलो व प्लास्टिक २० किलो होते. हे आकडे हाताशी असल्यास शुल्क भाव देण्यापूर्वीच किमतीत धरता येते. माल रवाना झाल्यावर ते समजल्यास तेवढी रक्कम नफ्यातून जाते. खोके हलके केल्यास शुल्क आणि वाहतूक खर्च दोन्ही कमी होतात, हा वेगळा लाभ.

बँकेचे साहाय्य

पतपत्राच्या ‘यूसीपी ६००’ नियमांनुसार बँका कागदपत्रांशी व्यवहार करतात, मालाशी नव्हे. खरेदीदाराने पतपत्रात नोंदणी क्रमांक वा वेष्टनाच्या वजनाचा दाखला मागितला असेल, तर तो हुबेहूब अटीप्रमाणे सादर व्हावयास हवा. त्यात तफावत राहिल्यास बिलाची रक्कम अडते, आणि पॅकिंग क्रेडिटवरील व्याज मात्र वाढतच राहते. म्हणून पतपत्राचा मसुदा हाती येताच निर्यातदाराने तो शाखेतील अधिकाऱ्यास दाखवावा, आणि पूर्तता न होणारी अट माल रवाना होण्यापूर्वीच बदलून घ्यावी. परदेशी संकलन यंत्रणेचे शुल्क करारपत्र व देयक सादर करून अधिकृत विदेशी चलन शाखेमार्फत पाठविता येते.

शाखेतील सहकाऱ्यांनीही पॅकिंग क्रेडिटच्या अर्जाची छाननी करताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : विक्रीची अट कोणती, आणि त्या देशातील नोंदणी कोणाच्या नावावर आहे? उत्तर स्पष्ट नसेल, तर ग्राहकास खरेदीदाराकडून ते लेखी मागविण्यास सुचवावे. एका पत्राचे हे काम आहे. पण त्यावर लहान निर्यातदाराच्या संपूर्ण हंगामाचा नफा अवलंबून असू शकतो.