घोड नदीच्या काठाने आहुप्याकडे

आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ हे हुतात्मा बाबू गेनू सैद यांचे जन्मगाव. मुंबईत गिरणी कामगार असलेल्या या तरुणाने १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत विदेशी कापडाचा ट्रक अडवला आणि त्याच्याच चाकांखाली प्राण दिले. पुणे-नाशिक महामार्गावरच्या कळंबजवळचे हे गाव आहे. येथून घोडेगावमार्गे पश्चिमेला निघाले की घोड नदीचे खोरे हळूहळू अरुंद होत सह्याद्रीत शिरते.

खालच्या अंगाला कांदा, बटाटा आणि ऊस. घोडेगावच्या पुढे डिंभे धरण लागते आणि रस्ता पाण्याच्या कडेने वळणे घेऊ लागतो. या जलाशयाला बाबू गेनूंचेच नाव दिले आहे. पावसाळा संपता संपता हिरव्या डोंगरांमध्ये भरलेला हा तलाव फार देखणा दिसतो. मात्र ज्या आंबेगावामुळे तालुक्याला नाव मिळाले, ते जुने गाव याच पाण्याखाली गेले आहे. काठावर फोटोसाठी थांबणाऱ्याला एवढे तरी ठाऊक असावे. याच खोऱ्यातल्या माळीण गावावर ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगरकडा कोसळला आणि दीडशेच्या आसपास माणसे गाडली गेली. भर पावसात, दाट धुक्यात या रस्त्यांवर जाणे टाळावे. सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ चांगला.

वर आहुपे गावाच्या परिसरात घोड नदीचा उगम आहे. वस्ती मुख्यतः महादेव कोळी समाजाची. उन्हाळ्यात भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून राब भाजायचा, पावसात गुडघाभर चिखलात भाताची आवणी करायची, उतारावर नाचणी घ्यायची, अशी येथली शेती. भाताइतकाच आधार हिरड्याचा. उन्हाळ्यात कोवळी हिरवी फळे झाडावरून उतरवून अंगणात पसरतात. उन्हात ती सुरकुतून काळी, टणक होतात. हा बाळहिरडा औषधांसाठी विकला जातो. पावसाळ्याआधी घरात येणारी रोख रक्कम बरीचशी याच्याच भावावर अवलंबून असते, म्हणून अंगणात वाळत घातलेला हिरडा पाहुण्यांनी तुडवू नये.

गावाजवळची देवराई श्रद्धेने राखलेली आहे. आत गारंबीचे माणसाच्या मांडीएवढे जाड वेल झाडांवरून लोंबतात आणि दुपारीही अंधारून आल्यासारखे वाटते. येथे फांदी तोडायची नसते. देवराईपलीकडे पठार एकदम संपते. कड्यावरून समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके दिसतात, आणि आहुपे घाटाची जुनी पायवाट खाली कोकणात, मुरबाड तालुक्यातील खोपिवलीकडे उतरते.