मराठवाड्यात ऊन उदंड, मग हाडे का दुखतात?

गेल्या हिवाळ्यात नांदेडच्या जुन्या वस्तीतील एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. वय बेचाळीस, घरीच शिवणकाम करतात. कंबर, मांड्या आणि बरगड्या दुखतात ही त्यांची तक्रार मला नवीन नव्हती. चार वर्षांपासून मीच त्यांना वेदनाशामक गोळ्या लिहून देत होतो. कधी वाताचे नाव सांगायचे, कधी मशीनवर वाकून बसण्याचे. त्या दिवशी मात्र त्या म्हणाल्या, "डाक्टर साहेब, दुखणं जाऊ द्या. पण खाली बसलं की उठूच येईना गेलंय. लेकीनं हात द्यावा लागतो."

मी त्यांना हात न टेकता खुर्चीवरून उठायला सांगितले. जमले नाही. नडगीच्या हाडावर अंगठ्याने दाबले तर त्या कळवळल्या. चालताना बदकासारखी डुलती चाल. हे सगळे पुस्तकात आहे. अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना मी ते पाठ केले होते आणि चार वर्षे डोळ्यांसमोर असून मला दिसले नव्हते. रक्त तपासले. 'ड' जीवनसत्त्व अवघे ६ नॅनोग्रॅम निघाले. किमान २० तरी हवे असते. एक्स-रेमध्ये मांडीच्या हाडाला वरच्या बाजूस बारीक भेग होती.

लहान मुलांची हाडे 'ड'अभावी वाकतात, त्याला आपण मुडदूस म्हणतो. मोठ्या माणसात वाढ संपलेली असल्याने हाडे सहसा वाकत नाहीत, पण मऊ पडतात. स्लॅब टाकताना सळया बांधल्या आणि सिमेंट पातळ झाले, तसा हा प्रकार. आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला 'ड' लागते. ते नसले तर दूध पिऊनही कॅल्शियमचा बराचसा भाग वाया जातो. स्नायूही दुबळे होतात, म्हणून जिना चढणे आणि जमिनीवरून उठणे जड जाते. म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात तो आजार वेगळा. हाडे मऊ पडण्याचा हा आजार ऐन चाळिशीतही येतो आणि औषधाने चांगला बरा होतो. म्हणूनच तो चुकवला की मनाला जास्त लागते.

आता वाचक विचारतील, बेचाळीस अंशात होरपळणाऱ्या नांदेड-लातुरात उन्हाची कमतरता कशी? हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वी आपल्याच नाशिक भागात विचारला गेला होता. हचिसन आणि शाह या दोन डॉक्टरांनी १९२२ साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय त्रैमासिकात त्यावर निबंध लिहिला. गरीब, अर्धपोटी, पण शेतात राबणाऱ्या कुटुंबांत त्यांना मुडदूस जवळजवळ दिसला नाही. तो दिसला खाऊन-पिऊन सुखी घरांत, जिथे बायका पडद्यात आणि मुले आतल्या अंधाऱ्या खोल्यांत होती. दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही तेच निघाले. उघड्यावर कवायत करणाऱ्या जवानांचे 'ड' बरे होते, रुग्णालयातल्या डॉक्टर आणि परिचारिकांचे कमी. म्हणजे आम्ही औषध देणारेच त्या यादीत.

ऊन गावावर पडते, ते आपल्या कातडीवर पडते का, हा खरा प्रश्न आहे. जुन्या वाड्यांना मधोमध चौक असायचा. धान्य निवडणे, भांडी घासणे, म्हातारीचे बसणे सगळे तिथेच व्हायचे. उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडयांचे वाळवण घालायचे आणि कावळे हाकत बसायचे. आता वाडे पडले, फ्लॅट झाले, कुरडया बचत गटाच्या पाकिटातून येतात. माझ्या या रुग्णाचे घर दोन खोल्यांचे, समोर तीन मजली इमारत. बाहेर पडायचे ते संध्याकाळी भाजीला, तेही पूर्ण अंग झाकून. बुरखा असो, डोक्यावरचा पदर असो की स्कूटीवरच्या मुलींचा स्कार्फ आणि हातमोजे असोत, कातडीच्या दृष्टीने हिशेब एकच.

इथे एक गैरसमज दूर करायचा आहे, आणि तो पसरवण्यात आम्हा डॉक्टरांचाही हात आहे. "सकाळच्या कोवळ्या उन्हात बसा" असे सगळे सांगतात. कोवळे ऊन अंगाला बरे वाटते, पण त्याने 'ड' फारसे तयार होत नाही. त्यासाठी लागणारे अतिनील किरण सूर्य वर चढल्यावरच पुरेसे खाली पोहोचतात. सोपी खूण म्हणजे आपली सावली. ती आपल्या उंचीपेक्षा आखूड असली की ते ऊन कामाचे. आपल्या भागात मे महिन्यात साडेनऊलाच सावली आखूड झालेली असते. डिसेंबरात मात्र ती साधारण साडेअकरा ते सव्वा एवढ्याच वेळात आखूड असते. त्यामुळे उन्हाळ्यात साडेनऊ-दहाचे ऊन घ्यावे आणि दुपारचे कटाक्षाने टाळावे. हिवाळ्यात जेवणापूर्वीचे घ्यावे. हात, पाय, मान उघडी ठेवून वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्यातून चार-पाच दिवस, असे मी सांगतो. सावळ्या रंगाला गोऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो. काचेच्या खिडकीमागे बसून उपयोग नाही, काच नेमके तेच किरण अडवते. आणि कातडी लाल होईपर्यंत बसणे हा शहाणपणा नव्हे.

लातूरला माझी बहीण राहते. महिन्या-दोन महिन्यांनी जाणे होते. तिच्या घराच्या वरच्या मजल्यावर वैद्यकीय प्रवेशाची तयारी करणाऱ्या मुली राहतात. सकाळी उजाडायच्या आत क्लास, मग अभ्यासिका, रात्री मेस. काही जणी दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षा देणाऱ्या, म्हणजे अठरा-वीस वर्षांच्या. एकीने मला विचारले, "काका, पिंढऱ्या का दुखतात हो?" मी विचारले, शेवटचे ऊन कधी लागले? ती विचारात पडली आणि म्हणाली, "दिवाळीला गावाकडं गेले होते तेव्हा." तो मार्च महिना होता. हाडे भक्कम होण्याची हीच वर्षे, आणि ती ट्यूबलाइटखाली जातात. पालकांनी फीबरोबर एवढीही चौकशी करावी.

आहारातून 'ड' फार थोडे मिळते. अंड्याचा पिवळा बलक, तेलकट मासे; शाकाहारी घरात तेवढेही नाही. दुधाच्या आणि तेलाच्या काही पिशव्यांवर 'एफ' अक्षराशेजारी अधिकचे चिन्ह असते, त्यात 'अ' आणि 'ड' मिसळलेले असते, ते पाहून घ्यावे. दूध, ताक, तीळ, नाचणी यांचे कॅल्शियम पोटात गेले नाही तर शरीर असलेले 'ड'ही लवकर संपवते.

काही माणसांना धोका अधिक. साठी-सत्तरी ओलांडलेल्यांची कातडी पूर्वीइतके 'ड' तयार करीत नाही. लठ्ठ माणसात ते चरबीत अडकून पडते. यकृत किंवा मूत्रपिंडाचे जुने दुखणे असलेले, पाठोपाठ बाळंतपणे झालेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायका हेही त्यात आले. एका गटाकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही, तो म्हणजे फिटच्या गोळ्या घेणारे. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन या गोळ्या शरीरातले 'ड' लवकर नष्ट करतात. खेड्यापाड्यांतून दहा-दहा वर्षे या गोळ्या घेणारी माणसे माझ्याकडे येतात. त्यांनी गोळी मुळीच बंद करू नये, फक्त हाडांची चौकशी डॉक्टरांकडे करावी.

तपासणीबद्दल दोन शब्द. हल्ली रक्त तपासणीच्या पॅकेजात 'ड' असतेच, आणि कागदावर लाल अक्षर दिसले की माणूस घाबरतो. ज्याला काही त्रास नाही, धोक्याचे कारण नाही, अशा धडधाकट माणसाने उगाच ही तपासणी करू नये, असे अमेरिकेतील हार्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितले आणि मला ते पटते. तिकडेच पंचवीस हजारांहून अधिक लोकांना पाच वर्षे 'ड' किंवा त्यासारखी दिसणारी रिकामी गोळी देऊन पाहिली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले, कर्करोग आणि हृदयविकार 'ड'मुळे कमी झाले नाहीत. तेव्हा हे सर्व रोगांवरचे औषध नव्हे. पण ज्याची हाडे दुखतात आणि उठणे जड जाते, त्याने तपासणी टाळूही नये.

उपचार स्वस्त आहे. साठ हजार युनिटची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्याला एक, दुधाबरोबर किंवा जेवणानंतर, बहुधा आठ आठवडे, सोबत कॅल्शियम. नंतर महिन्याला एक किंवा डॉक्टर सांगतील तसे. इथेच घोटाळा होतो. मोठ्या माणसाची रोजची गरज ६०० युनिट धरली तर एक पुडी म्हणजे शंभर दिवसांचा शिधा! माझ्याकडचे एक निवृत्त गुरुजी बरे वाटले म्हणून दीड वर्ष दर रविवारी पुडी घेत राहिले, शिवाय मधूनमधून सहा लाखांची इंजेक्शने. एक दिवस मुलगा त्यांना घेऊन आला. सतत तहान, उलट्या, शौचाला नाही, बोलण्यात असंबद्धपणा. कॅल्शियम भलतेच वाढलेले, मूत्रपिंडावर ताण आलेला. वाचले, पण 'ड' चरबीत साठून राहते, त्यामुळे पूर्ववत व्हायला काही महिने गेले. चिठ्ठीवर किती आठवडे लिहिले आहेत ते पाहा, लिहिले नसेल तर विचारा. मुतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय पहिली पुडीही घेऊ नये.

शिवणकाम करणाऱ्या बाईंचे सांगायचे राहिले. दोन महिन्यांत दुखणे निम्मे झाले, सहाव्या महिन्यात हाताचा आधार सुटला. त्यांच्या इमारतीच्या गच्चीला एका बाजूने आडोसा करून घेतला आहे. अकरा वाजता काज-बटनांचे काम घेऊन त्या वर जातात. शेजारच्या दोघी-तिघी आता त्यांच्याबरोबर बसतात असे त्या म्हणाल्या. वेदनाशामक गोळ्या मी बंद केल्या आहेत.