चीक सुकेपर्यंत

फेब्रुवारी उलटून उन्हाला धार आली की गच्चीवरच्या युफोर्बियाची छाटणी काढायची. जाड हातमोजे, चष्मा, धारदार चाकू, गार पाण्याचं भांडं आणि रद्दी, एवढीच तयारी.

शेंड्याकडची चार बोटं फांदी एका घावात कापायची. लगेच दोन्ही तोंडांतून पांढराशुभ्र चीक ठिबकू लागतो. शेतांच्या कुंपणाला लावतात तो शेर याचाच सख्खा भाऊबंद, त्याचाही चीक असाच. कातडीला लागला तर आग होते, डोळ्यांत गेला तर इजा, म्हणून चष्मा. फांदीचं तोंड पाण्यात बुडवलं की चीक थांबतो. मूळ झाडाच्या कापावरही पाणी शिंपडायचं.

नर्सरीत याला सर्रास कॅक्टसच्या रांगेत ठेवतात. पण काटे असले म्हणजे कॅक्टस नव्हे. हे एरंडाच्या कुळातलं, मूळचं मादागास्करचं झाड. रियुनियन बेटाचा एकेकाळचा गव्हर्नर बॅरन मिलियस याने १८२१ मध्ये ते फ्रान्सला नेलं, म्हणून शास्त्रीय नाव युफोर्बिया मिली.

कापलेल्या फांद्या लगेच लावायच्या नाहीत, इथेच घाई नडते. सावलीत, रद्दीवर चार-पाच दिवस तशाच पडू द्यायच्या. कापावर कोरडी खपली धरली की मगच माती. ओला काप मातीत गेला तर मूळ फुटण्याआधीच फांदी कुजते. कुंडीत निम्मी भरड वाळू हवी, आणि तळाचं भोक मोकळं. पाणी बेतानं, वरची माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय द्यायचंच नाही. महिना-दीड महिन्यात नवी पालवी दिसते.

ज्यांना आपण लाल पाकळ्या म्हणतो, ती खरं तर फुलाखालची रंगीत पानं. खरी फुलं मधल्या इवल्याशा पिवळट पेल्यात असतात: एक मादीफूल, भोवती केवळ एकेका पुंकेसराएवढी नरफुलं. ही पानं लवकर गळत नाहीत, म्हणून झाड कितीतरी दिवस फुललेलं दिसतं.

फुलं येतात ती नव्या वाढीवर. छाटलेल्या खोडाला कापाखाली दोन-तीन धुमारे फुटतात आणि प्रत्येकाला वेगळे घोस लागतात. म्हणजे छाटणीत नवी रोपं मिळतात आणि जुनं झाडही जास्त फुलतं. मात्र जूनमध्ये कुंड्या पत्र्याखाली सरकवायच्या: या झाडाला ऊन कितीही चालतं, सोसवत नाही ते साचलेलं पाणी.