घर बघायला आले, गादी भिजवून गेले

तुम्ही भाड्याच्या रूमवर राहता? मग कधी ना कधी हा फोन तुम्हालाही येईल. ‘‘ताई, चार वाजता पार्टी आणतोय. पाचच मिनिटं.’’

राहात्यात आम्ही तिघी दोन खोल्यांत राहत होतो. दोघींचं कॉलेज लोणीला, माझी इंटर्नशिप शिर्डीत. शिर्डी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे इथं जागेला गिऱ्हाईक कायम. काकांनी, म्हणजे घरमालकांनी, घर विकायला काढलं आणि एजंटची ये-जा सुरू झाली. सुरुवातीला आम्ही चहा विचारायचो. महिन्याभरात ते बंद झालं. कुणी ओल बघायला किल्लीने भिंतीचा रंग खरवडला, कुणाचं पोरगं कपाटाच्या दाराला लोंबकळलं.

मग तो दिवस. आलेल्या गृहस्थांनी पाण्याचा फोर्स बघायला सिंकचा नळ पूर्ण फिरवला. टाकी रिकामी, थेंब नाही. नळ तसाच उघडा ठेवून मंडळी गेली, आम्हीही कुलूप लावून बाहेर पडलो. संध्याकाळी मोटर लागली, टाकी भरली. सिंकच्या जाळीवर ताट पडलेलं होतं (आमचंच, कबूल). परत आलो तर घरभर पाणी, गादी चिंब, ओट्याखालच्या प्लायवूडच्या ट्रॉल्या फुगलेल्या.

काका म्हणाले, ‘‘पोरींनो, ट्रॉल्यांचे पैसे डिपॉझिटमधून कापावे लागतील.’’ एजंट म्हणाला, ‘‘मी नळाला हातसुद्धा लावला नाही.’’ पार्टीचा तर नंबरच आमच्याकडे नव्हता.

पोलिसांत जाऊ, असं रूममेट म्हणाली. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 मध्ये नुकसानीचा हेतू किंवा निदान जाणीव लागते. विसरून उघडा राहिलेला नळ त्यात बसवणं अवघड. जास्त कामाचा निघाला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. करारात वेगळं काही नसेल तर कलम 108 नुसार भाडेकरूने मालकाला आणि त्याच्या माणसांना वाजवी वेळी जागा बघू द्यायची. आणि भाडेकरूच्या किंवा त्याच्या माणसांच्या चुकीने काही बिघडलं, तर नोटिशीनंतर तीन महिन्यांत ते दुरुस्त करून द्यायचं. आता सांगा, पार्टी कुणाची माणसं? आमची तर नक्कीच नव्हती.

एक मात्र लक्षात ठेवा. 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये आधी करारातच बघितलं जातं. आमच्या करारात यावर अक्षर नव्हतं. तुम्ही सही करण्याआधी एक ओळ घालून घ्या: घर दाखवताना झालेलं नुकसान भाडेकरूवर नाही, आणि येण्याआधी कळवायचं. मालक तोंड वाकडं करतील, करू द्या.

आम्हाला खरं वाचवलं फोनने. पाणी पुसायच्या आधी काढलेले फोटो होते, ‘चार वाजता पार्टी’ हा मेसेज होता. आणि एजंटने त्याच दुपारी घराचा व्हिडिओ स्टेटसला टाकला होता! त्यात ट्रॉल्या कोरड्या ठणठणीत आणि नळ फिरवणारा हात स्पष्ट. स्टेटस उडायच्या आत स्क्रीनशॉट काढून काकांना पाठवले. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, ट्रॉल्यांचे पैसे एजंटच्या कमिशनमधून वळते करतो म्हणाले. गादीचं मात्र कुणीच नाव काढलं नाही. ताट आमचं होतं, आम्हीही गप्प बसलो.

पुढची पार्टी आली तेव्हा आधी त्यांचा नंबर घेतला, मगच कडी काढली. गेल्यावर तिघींनी मिळून सगळे नळ बघितले.